विनाइल साइडिंगवरची पांढरी पूड आणि विटलेला रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराला विनाइल साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवर बसवलेल्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, असलेल्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न २ वाचा. तो टप्पा गाळून थेट पाण्याचा फवारा हातात घेतल्यामुळेच बरीच साइडिंग्ज कायमची डागाळतात.

१. भिंतीला हात लागला की पांढरी पूड लागते. साइडिंग खराब झालंय का?

पृष्ठभाग झिजतोय, भिंत नाही. विनाइल साइडिंग म्हणजे पीव्हीसी, आणि त्यात मिसळलेलं रंगद्रव्य, कॅल्शियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड. उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता यांमुळे पीव्हीसीच्या रेणूंतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. मग कमकुवत झालेल्या त्या साखळ्या हवेतला ऑक्सिजन तोडतो. वरचं प्लास्टिक असं झिजलं की त्यात घट्ट बसलेले खनिज कण मोकळे होतात. बोटांना लागते ती हीच भुकटी.

गंमत अशी की टायटॅनियम डायऑक्साइड घातलेला असतो तो संरक्षणासाठी. अतिनील किरण तो स्वतः शोषतो आणि खालचं प्लास्टिक वाचवतो. थोडी पूड येणं हे उत्पादकांनीही गृहीत धरलेलं असतं. त्यातली सुटी पूड पावसाबरोबर वाहून जाते आणि जाताना मळही घेऊन जाते. म्हणूनच छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे पूड जास्त साचलेली दिसते.

२. माझ्या भिंतीवर पूड आली आहे की रंगच उडालाय? दोन्ही सारखंच दिसतं.

लांबून सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे आहेत. एक काळा सुती फडका घ्या आणि सगळ्यात जास्त ऊन खाणाऱ्या भिंतीवर कोरडाच एकदा दाबून फिरवा. मग त्याच्या शेजारची वीतभर जागा पाण्याने ओली करा.

फडका पांढरा झाला आणि ओल्या जागी रंग लगेच गडद, जवळजवळ मूळचा दिसला, तर ते ऑक्सिडेशन, म्हणजे प्रश्न १ मधली पूड आहे. ते निघतं. फडका स्वच्छ राहिला आणि ओली जागाही फिकीच दिसली, तर रंगद्रव्यच विटलेलं आहे. कितीही घासलं तरी ते परत यायचं नाही. बऱ्याच जुन्या, गडद रंगांच्या घरांवर दोन्ही एकदम असतं: पूड निघाल्यावर भिंत सुधारते, पण नव्यासारखी होत नाही.

मूळ रंग कसा होता हे आठवत नसेल तर बाहेरच्या दिव्याची पाटी किंवा खिडकीशेजारचं शोभेचं शटर काढून मागे बघा. पाटीच्या आकाराचा, कडा रेखीव असलेला एक गडद तुकडा तिथे दिसेल. सफाईतून जास्तीत जास्त काय मिळू शकतं आणि काय नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

३. ही नुसती धूळ किंवा बुरशी असू शकते ना?

असू शकते. धूळ साबणाच्या पाण्याने पहिल्याच हाताला निघते. बुरशीसाठी घरगुती ब्लीच पाण्यात पातळ करून एक थेंब काळ्या डागावर ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर ती बुरशी. हिरवट थर, विशेषतः सावलीच्या आणि झाडालगतच्या भिंतीवर, हे शेवाळ.

डांबराच्या शिंतोड्यांसारखे, टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसत असतील आणि नखाने खरवडले तरी तपकिरी डाग मागे राहत असेल, तर भिंतीपाशी झाडांच्या बुडाशी पसरलेल्या लाकडी भुशाकडे बघा. त्यात वाढणारी एक बुरशी आपले बीजाणू उजेडाच्या दिशेने उडवते आणि ते साइडिंगला घट्ट चिकटतात. त्याचा ऑक्सिडेशनशी काही संबंध नाही. भुसा बदलणं हाच खरा उपाय.

४. चारही भिंती एकाच दिवशी बसवल्या, मग एकच का विटली?

उन्हामुळे. उत्तर गोलार्धात दक्षिण आणि पश्चिम भिंतीला सर्वाधिक ऊन आणि उष्णता मिळते. रंगानेही फरक पडतो. पांढरं आणि फिकट साइडिंग बनवताना टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर घालतात. गडद निळ्या-लाल छटांमध्ये तेवढा घालता येत नाही, नाहीतर छटाच फिकी होईल. त्यामुळे गडद साइडिंगला संरक्षण कमी आणि उष्णता जास्त, शिवाय त्यावर पांढरी पूड उठून दिसते. पांढऱ्या घरावरही पूड येते, फक्त ती कुणाच्या लक्षात येत नाही.

अलीकडच्या बऱ्याच पट्ट्या बनवतानाच प्लास्टिकचे दोन थर एकजीव केलेले असतात. वरच्या पातळ थरात संरक्षक घटक जास्त असतात, आणि गडद रंगांसाठी तिथे अॅक्रिलिक जातीचं, ऊन अधिक सोसणारं प्लास्टिकही वापरतात.

५. पूड काढलीच नाही तर काय बिघडेल?

फारसं काही नाही. पट्टी साधारण १ ते १.२ मिलिमीटर जाड असते आणि झिजतो तो तिचा अगदी वरचा पापुद्रा. पाणी आत शिरत नाही. पट्टी त्यामुळे गळूनही पडत नाही. भिंत सगळीकडे एकसारखी मंद दिसत असेल आणि तुम्हाला ती खटकत नसेल, तर हात न लावणं हा अगदी शहाणपणाचा निर्णय आहे, आणि निम्म्या वेळा मी तोच सुचवतो.

दोन वेळा मात्र पूड काढावीच लागते: भिंत रंगवायची असेल तेव्हा (प्रश्न १२), आणि कुणीतरी अर्धवट घासून ठेवलं असेल तेव्हा (प्रश्न ८).

६. घरच्या घरी पूड काढायची तर पद्धत काय?

आधी वेळ निवडा. भिंतीवर थेट ऊन नको, नाहीतर द्रावण वाळून डाग पडतात. कडाक्याच्या थंडीत नको, कारण तेव्हा विनाइल ठिसूळ होतं. सामान साधं आहे: दोन बादल्या, गाडी धुतात तसा लांब दांड्याचा मऊ ब्रश, भरपूर मायक्रोफायबर फडके, बागेचा नळीपाइप.

द्रावणाचे दोन जुने आणि सुरक्षित प्रकार आहेत. पहिला, ३० भाग पांढरं व्हिनेगर आणि ७० भाग पाणी. दुसरा, १ गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाण्यात पाव ते एक तृतीयांश कप कपड्यांची साबण पावडर. पूड जाड असेल तर साइडिंगसाठीच बनवलेला ऑक्सिडेशन रिमूव्हर लागतो. तो आधी मागच्या कोपऱ्यातल्या एका पट्टीवर वापरून बघा.

भिंत आधी पाण्याने भिजवा. द्रावण खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली तर घाण द्रावणाचे ओघळ खालच्या कोरड्या पट्ट्यांवर उतरतात आणि ती ओघळांची नक्षी नंतर निघता निघत नाही. मग ब्रश पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आडवा, एकसारख्या दाबाने फिरवा. इथे काम साबण करत नाही, घर्षण करतं. पूड चिकटलेली असते; ब्रशचा केस तिला लागल्याशिवाय ती सुटत नाही. ब्रशवरून दुधासारखं पाणी गळू लागलं की समजा काम होतंय. ते वाळायच्या आत विसळा आणि ब्रश दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या बादलीत झटका. शेवटी वरून खाली भरपूर पाणी सोडा.

एक नियम पाळाच: जिथे सुरू कराल तिथून पुढच्या कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंत एका बैठकीत पूर्ण करा. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी सुरूच करू नका. मधेच सोडलेली रेघ रस्त्यावरूनसुद्धा दिसते. वरच्या मजल्यासाठी शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी ब्रश चालवण्यापेक्षा लांब दांडा घ्या किंवा ते काम माणूस बोलावून करून घ्या.

७. प्रेशर वॉशरने पटकन होणार नाही का?

मळ पटकन निघेल. ऑक्सिडेशन निघणार नाही, निदान सगळीकडे सारखं निघणार नाही. जोरदार फवारा जिथून जातो तिथली पूड थोडी खरवडली जाते आणि दोन फेऱ्यांच्या मधली तशीच राहते. भिंत ओली असताना सगळं छान दिसतं. वाळली की नोझलच्या प्रत्येक फेरीचा माग पंख्यासारख्या रेघांत उमटतो.

दुसरा धोका आतला आहे. साइडिंगच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, चिकटवलेल्या नसतात. फवारा खालून वर मारला तर पाणी पट्टीमागे शिरतं. वापरायचाच असेल तर दाब कमी, नोझल रुंद, आणि फवारा नजरेच्या उंचीला भिंतीशी सरळ धरा, वरच्या बाजूला कधीच नाही. खिडक्या, दिवे, सॉकेट आणि हवेच्या झरोक्यांपासून तो दूर ठेवा. विसळण्यासाठी प्रेशर वॉशर ठीक. पूड काढण्यासाठी नाही.

८. धुतल्यावर पट्टे आणि धब्बे आधीपेक्षा जास्त दिसतायत. आता काय?

पट्टे म्हणजे बहुतेक वेळा अर्धवट निघालेली पूड. स्वच्छ जागा गडद आणि उरलेली पांढुरकी, असा तो फरक असतो. पुन्हा काळा फडका फिरवून बघा. फिक्या भागावर पूड लागली तर प्रश्न ६ मधल्या पद्धतीने तेवढाच भाग नव्हे, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत हाताने घासा. एकाच ठिकाणी जोर लावत बसलात तर तिथे नवा गडद धब्बा तयार होईल.

हाच प्रकार मुलांनी भिंतीवर बोटाने नाव लिहिल्यावर किंवा चेंडू आपटल्यावर होतो. अक्षरं ही मळाची नसतात; तेवढ्या रेघांपुरती पूड पुसली गेलेली असते. अक्षरं खोडता येत नाहीत. भोवतालची भिंत त्यांच्याइतकी स्वच्छ करावी लागते.

पूड कुठेच लागत नाही आणि तरी पट्टे आहेत, तर फवाऱ्याने किंवा कडक ब्रशने पृष्ठभागच कमी-जास्त खरवडला गेला आहे. तो परत येत नाही. मग प्रश्न १० आणि १२ बघा.

९. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केलं तर जास्त साफ होईल?

अजिबात करू नका. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियावाला क्लीनर मिसळला तर क्लोरामाइन. दोन्ही श्वासाला घातक आहेत. ब्लीच फक्त बुरशी-शेवाळासाठी, तेही पातळ करून. ऑक्सिडेशनवर त्याचा काहीही उपयोग नाही. वापरण्याआधी झाडं भिजवून ठेवा, झाल्यावर पुन्हा पाणी द्या.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, न पातळ केलेलं ब्लीच, फर्निचर पॉलिश आणि तारेची घासणी विनाइलपासून लांब ठेवा. पांढरा मेलामाइन स्पंज एखाद्या डागापुरता चालतो, पण तो मुळात बारीक सँडपेपरच आहे. जोरात घासलं तर तेवढ्या जागेची चमक बदलते.

१०. तेल, सिलिकोन स्प्रे किंवा रिस्टोअरर लावलं तर रंग परत येतो म्हणतात. खरं आहे का?

दिसायला येतो. पूड असलेला पृष्ठभाग खडबडीत असतो आणि उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून तो पांढुरका दिसतो. पाण्याने किंवा तेलाने खड्डे भरले की विखुरणं थांबतं आणि खालचा रंग दिसू लागतो. तेलाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि तोवर त्यावर धूळ बसते. सिलिकोनचा तोटा वेगळाच: पुढे भिंत रंगवायची ठरवली तर रंग धरत नाही.

साइडिंगसाठी बनवलेले, पारदर्शक थर धरणारे अॅक्रिलिक रिस्टोअरर त्यापेक्षा बरे, पण ते पूर्ण स्वच्छ भिंतीवरच लावायचे. पुडीवर लावले तर थर पुडीला चिकटतो, भिंतीला नाही, आणि सोलून येतो. शिवाय हा थरही ऊन खातोच. काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. रंगद्रव्य मुळातच विटलं असेल तर रिस्टोअररने चमक येईल, मूळ छटा नाही.

११. हीट गनने प्लास्टिकचा रंग परत आणतात, तसं इथे करता येईल?

नाही. गाडीच्या काळ्या, जाड बंपरवर चालणारी युक्ती पातळ विनाइलवर उलटते. साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसला ही पट्टी मऊ पडून वाकू लागते, आणि हीट गनची हवा त्याहून कितीतरी गरम असते.

१२. सरळ रंगच देऊन टाकला तर?

रंगद्रव्य विटलेलं असेल तर हाच खरा पर्याय, पण एकदा रंगवलं की परतीचा रस्ता नाही. आज जे साइडिंग नुसतं धुवावं लागतं, ते पुढे दर काही वर्षांनी रंगवावं लागेल. वॉरंटी शिल्लक असेल तर ती बहुधा जाईल. आधी कागद वाचा.

रंगवायचं ठरलंच, तर पूड पूर्ण निघाल्याशिवाय डबा उघडू नका. वाळलेल्या भिंतीवर काळा फडका फिरवून तो काळाच राहतो ना, हे प्रत्येक भिंतीवर तपासा. कुठे थोडी पूड राहिलीच तर पूड बांधून धरणारा अॅक्रिलिक प्रायमर द्या. वर १०० टक्के अॅक्रिलिक किंवा युरेथेन मिसळलेला बाहेरचा रंग, पातळ दोन हात. विनाइल ऊन-थंडीबरोबर खूप हलतं. १२ फुटांची पट्टी अर्ध्या इंचापर्यंत लांब-आखूड होऊ शकते. तेली रंग कडक होतो आणि या हालचालीत तडकतो.

छटेबाबत हट्ट करू नका. मूळ रंगापेक्षा गडद रंग दिला तर भिंत जास्त तापते आणि पट्ट्या वाकतात. रंगाच्या कार्डावर प्रकाश परावर्तनाचा आकडा दिलेला असतो. तो ५५ किंवा त्याहून जास्त असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. त्याहून गडद हवाच असेल तर विनाइलसाठी सुरक्षित म्हणून खास बनवलेल्या छटांमधूनच निवडा. आणि पट्ट्यांच्या सांध्यांत रंगाने किंवा सीलंटने फट बुजवू नका. ती फट हलण्यासाठीच ठेवलेली असते.

१३. आजीवन वॉरंटी आहे. कंपनी साइडिंग बदलून देईल ना?

बहुतेक वॉरंटींमध्ये पूड येणं हे सामान्य झिजणं मानून वगळलेलं असतं. रंग विटण्याबद्दल अनेकदा आकडा दिलेला असतो: मूळ रंगापासूनचा फरक डेल्टा-ई या मापात मोजतात, आणि तो ४ हंटर युनिटपेक्षा (हंटर ही रंग मोजण्याची एक पद्धत) जास्त असेल तरच दावा चालतो. त्याआधी भिंत धुवून दाखवावी लागते, कारण पुडीमुळे दिसणारा फिकेपणा त्यात धरत नाहीत. वर्षांगणिक भरपाईची टक्केवारी घटणं, घर विकल्यावर मुदत कमी होणं आणि मजुरी न मिळणं, ही तीन कलमं नक्की शोधा. भिंत रंगवण्याआधी किंवा रिस्टोअरर लावण्याआधी दावा करा; नंतर कुणी दारात उभं करणार नाही.

एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या डी ६८६४ या मानकानुसार रंग टिकण्याची चाचणी झालेली असेल तर साइडिंगच्या माहितीपत्रकात तसा उल्लेख असतो. नवीन घेताना तो बघून घ्या.

१४. एक पट्टी फुटली आहे. त्याच कंपनीची, त्याच रंगाची नवी आणली तरी वेगळीच दिसते.

दिसणारच, बाकीच्या भिंतीने इतकी वर्षं ऊन खाल्लं आहे. अदलाबदल करा. फुटलेल्या पट्टीच्या जागी घराच्या मागच्या, पण तितकंच ऊन खाल्लेल्या भिंतीवरची पट्टी बसवा आणि नवी पट्टी मागे, शेडच्या किंवा झुडपांच्या आड लावा. पट्टी सोडवायला झिप टूल नावाचं आकड्याचं छोटं अवजार मिळतं. ते वरच्या पट्टीच्या खालच्या ओठात अडकवून ओढत नेलं की सांधा उघडतो. जुनी पट्टी ठिसूळ असते, म्हणून हे काम उबदार दिवशी करा. खिळा पूर्ण ठोकू नका. डोकं आणि पट्टी यांत सुमारे ०.८ मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात पट्टी फुगते.

१५. साइडिंग धुतल्यापासून काचा धुरकट झाल्या आणि खालच्या विटांवर पांढरे ओघळ आलेत.

ती वाहून आलेली पूडच आहे. काचेवर वाळली की नुसत्या पाण्याने निघत नाही. साबणाचं पाणी, मऊ फडका आणि थोडा धीर लागतो. विटा खरखरीत असल्यामुळे जास्त त्रास देतात. ओल्या ब्रशने घासून लगेच भरपूर पाणी सोडा. पुढच्या वेळी धुण्याआधीच विटा भिजवून ठेवा आणि प्रत्येक खिडकी तिच्यावरची पट्टी झाली की लगेच विसळा.

धुतलं नसतानाही विटांवर पांढरं येत असेल, तर ते विटांमधले क्षार असू शकतात. तो प्रश्न ओलाव्याचा आहे.

१६. पूड काढल्यावर ती पुन्हा किती दिवसांनी येईल?

ऊन थांबत नाही, त्यामुळे येणार हे नक्की. पण ती साचायला वेळ लागतो, आणि दर वर्षी मऊ ब्रशने एकदा धुतलं तर जाड थर बसतच नाही. फार वेळा, फार जोरात घासणंही बरं नाही. दर वेळी थोडा पृष्ठभाग जातोच.

१७. एका खिडकीसमोरची भिंत विटली नाही, पण लाटांसारखी वाकली आहे. हेही ऑक्सिडेशन का?

नाही, ही उष्णता आहे. ऊर्जा वाचवणाऱ्या काचा ऊन परावर्तित करतात, आणि काच किंचित आत वाकलेली असेल तर ते ऊन एका जागी गोळा होतं. शेजारच्या घराच्या खिडकीमुळेही हे घडतं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी. वाकलेली पट्टी सरळ होत नाही, बदलावीच लागते. पण आधी त्या काचेवर बाहेरून जाळी लावा, नाहीतर नवीही वाकेल.

१८. सगळं करून पाहिलं, पूड संपतच नाही. घासू तितकी येते.

साइडिंग खरंच विनाइलचं आहे का ते बघा. टिचकी मारल्यावर पत्र्यासारखा आवाज आला आणि कुठे कायमचे पोचे दिसत असतील, तर ते अॅल्युमिनियम आहे. त्यावरची पूड धातूची नसून कारखान्यात दिलेल्या रंगाची असते, आणि घासत राहिलात तर काही ठिकाणी खालचा राखाडी प्रायमर किंवा पत्राच उघडा पडेल. तिथे घासणं लगेच थांबवा, सैल पूड धुवून काढा आणि रंगवा. अॅल्युमिनियमवर रंग चांगला बसतो आणि उन्हात वाकत नाही, त्यामुळे प्रश्न १२ मधलं गडद छटांचं बंधनही त्याला लागू नाही.